आमच्या वहीतल्या लाल रेघा : विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले पत्र

विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक विभागांतले सर, मॅडम आणि शेवटच्या वर्षाची पोरंपोरी यांना,

नमस्कार.

मागच्या दिवाळीनंतर कापसाच्या चुकाऱ्याची चौकशी करायला तालुक्याला गेले होते. परतीच्या गाडीची वाट पाहत एसटी स्टँडवर उभी होते, तर समोर फ्लेक्स. आठ फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘हार्दिक अभिनंदन! आमच्या महाविद्यालयाचे पेटंट प्रकाशित’. शोध कसला, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी गुलाबी बोंडअळीची भाकीत प्रणाली. आठांतला एक चेहरा ओळखीचा निघाला. दोन वर्षांपूर्वी हा पोरगा आमच्या ओसरीवर बसून पोहे खाऊन गेला होता आणि जाता जाता म्हणाला होता, “काकू, वहीचे फोटो काढू का? प्रोजेक्टला लागतात.” मी म्हटलं, काढ बाबा.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोराचंही नाही. त्याच्यावर राग धरावा असं काही नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने केलं. पण त्यानंतर असले फ्लेक्स मला वर्धेला दिसले, पुसदला दिसले, म्हणून हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

आधी वहीबद्दल. मी बी.एस्सी., विषय संख्याशास्त्र. लग्न होऊन राळेगाव तालुक्यात आले. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी ठरवलं की शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपण उचलायचा नाही, आधी मोजायचं. प्रत्येकीच्या एका एकरात दोन, असे बावीस कामगंध सापळे लावले. तेव्हापासून वही चालू आहे.

मोजणं म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या अर्जात त्याला ‘डेटा संकलन’ असे दोन शब्द आले आहेत. सकाळी दव असतानाच जावं लागतं. सापळा म्हणजे एक नरसाळं, वर टोपी, टोपीखाली ल्युर आणि खाली लांब प्लास्टिकची पिशवी. ल्युरला बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो, म्हणून सापडतात ते सगळे नर. पिशवीच्या बुडाची गाठ सोडायची, पतंग जुन्या पेपरवर ओतायचे आणि तुरीच्या काडीने एकेक बाजूला सारत मोजायचे. मेलेले, अर्धमेले, पंख तुटलेले, सगळे धरायचे. मुंग्यांनी नेलेले कसे धरणार? बोटाला त्यांची करडी भुकटी लागते. ती हात धुतल्यावरही राहते, भाकरी थापताना दिसते.

आता लाल रेघ. पाऊस लागला, नाल्याला पूर आला, घरी कोणी तापाने पडलं, तर त्या दिवशी सापळ्यापाशी कोणी जात नाही. त्या रकान्यात मी लाल पेनाने आडवी रेघ मारते. शून्य म्हणजे जाऊन पाहिलं आणि पतंग नव्हता. रेघ म्हणजे गेलोच नाही. आणि रेघेनंतरच्या दिवशी जो आकडा येतो तो दोन रात्रींचा असतो, म्हणून त्याच्या खाली मी बारीक ‘२’ लिहिते, सरासरी काढताना भागायला. संख्याशास्त्रात जे शिकले त्यातलं एवढंच रोज कामी येतं, पण येतं.

दर सोमवारी आठवड्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहितो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फळ्यावर गोल करतो. गोल झाला म्हणजे फवारणी नव्हे. मग शेतात जाऊन डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, पाहायच्या, हिरवी बोंडं फोडून आत अळी आहे का ते बघायचं आणि मगच ठरवायचं. हा आठचा आकडा माझा नाही. कृषी विभागाच्या पत्रकात तो आहे, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यांत आहे. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात आणि कृषी सहायक ती तोंडपाठ सांगतो. तीन दिवसांची सरासरी मी पोरीच्या जुन्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये काढते. त्याच शीटमध्ये रोजचं कमाल-किमान तापमान टाकून डिग्री-डे काढते, म्हणजे पुढची पिढी साधारण कधी बाहेर पडेल त्याचा अंदाज येतो. ऊब साठत जाते तशी वाढ होते, हा हिशेब रेओमूर नावाच्या फ्रेंच माणसाने १७३५ मध्ये मांडला होता.

फ्लेक्स पाहून घरी आले आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तुमचा अर्ज काढला. कोणालाही काढता येतो. दर शुक्रवारी पेटंट जर्नल निघतं. अर्जाचा गाभा म्हणजे दावे, ‘हे आमचं, दुसऱ्याने करायचं नाही’ अशी यादी. त्यात काय होतं? सापळ्यांतली रोजची संख्या गोळा करणे, तिची तीन दिवसांची सरासरी काढणे, ती ठरावीक पातळीशी ताडणे, तापमानाची जोड देणे, शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवणे. सोबत आकृती. आकृतीत पाच चौकोन आणि चार बाण, मधल्या चौकोनात ‘विश्लेषण विभाग’. त्या चौकोनात नेमकं काय होतं ते पानभर शोधलं, सापडलं नाही. शोधक आठ. त्यातला सापळ्यापाशी आलेला एक.

आणि मागे तक्ता. आमच्याच वहीचा, तारखांसकट. फक्त जिथे माझी लाल रेघ तिथे शून्य. वहीत रेघ आणि पुढे बारीक दोन लिहिलेला एकोणीस, तुमच्या तक्त्यात शून्य आणि मग एकदम एकोणीस. म्हणजे तुमच्या यंत्राला तुम्ही शिकवलं की पाऊस पडला की पतंग मरतात आणि उघडीप झाली की जिवंत होतात.

गटात हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “अवं, माह्या बोटाची भुकटी बी त्याईनं लिवली का त्या कागदात?” बाकीच्या हसल्या. मग एकीने विचारलं, आता आपण फळ्यावर लिहायचं की नाही? त्या प्रश्नाने मला कायदा वाचायला बसवलं.

पेटंट हा शब्द आमच्या गावात बियाण्याच्या पाकिटातून आला. बीटी कापसाच्या जनुकावरच्या पेटंटचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात गेला, २०१८ मध्ये खंडपीठाने ते पेटंट रद्द ठरवलं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं. कोण बरोबर ते मी सांगत नाही. गावाला त्यातून इतकं कळलं की पाकिटाच्या किमतीत कोणाचा तरी हक्क मिसळलेला असू शकतो. तोच हक्क उद्या सरासरीत मिसळणार का, असं बायका विचारत होत्या.

तर कायदा. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ हे ‘शोध नव्हे’ अशा गोष्टींची यादी आहे. त्यातलं ३(के) म्हणतं : गणिती पद्धत किंवा व्यवसायाची पद्धत, किंवा संगणक प्रोग्राम ‘पर से’, किंवा अल्गोरिदम. ‘पर से’ म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून. हे दोन लॅटिन शब्द २००२ च्या दुरुस्तीने आले, आणि ते लागतात फक्त ‘संगणक प्रोग्राम’ या शब्दांना. गणिती पद्धतीला आणि अल्गोरिदमला तेवढीही फट ठेवलेली नाही. त्याच यादीत वर ३(एच) आहे, शेतीची पद्धत. म्हणजे तुम्ही मागितलेली गोष्ट एका दाराने गेली तर गणित म्हणून अडते आणि दुसऱ्याने गेली तर शेती म्हणून. तुमच्या सल्लागाराने हे सांगितलं नसेल असं मला वाटत नाही. सांगितलं असेल आणि वर म्हणाला असेल, “प्रकाशित तर होतंच.”

तेच तर. प्रकाशित होणं म्हणजे मिळणं नव्हे. अर्ज भरला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९ भरायचा, महिन्याभरात होतो. त्यात कोणी अर्जाची गुणवत्ता तपासत नाही. तपासणी वेगळी मागावी लागते, फॉर्म १८ ने, आणि मुदतीत मागितली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फ्लेक्सवर ‘अर्ज पोस्टात टाकला’ असं लिहिलं तरी तेवढंच खरं झालं असतं. पण कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फॉर्मात रकाना आहे, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत प्रकाशित पेटंटसुद्धा मोजतात, म्हणून आमच्या सापळ्यांपर्यंत तुमची गाडी येते. तुमची अडचण कळते हो. आमच्याकडेही विहिरीचं अनुदान मिळावं म्हणून कागदावर विहीर खोदणारे आहेत.

आता तुमच्यापैकी एक सर फोनवर मला जे म्हणाले ते लिहिते. ते म्हणाले, “ताई, जागतिक व्यापार संघटनेच्या करारात तंत्रज्ञानाच्या सगळ्या क्षेत्रांत पेटंट द्यायला सांगितलंय.” त्या कराराला ट्रिप्स म्हणतात, आणि त्याच्या कलम २७ मध्ये तसं आहे, बरोबर. पण त्याच कराराचं कलम १० संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानून कॉपीराइटखाली ठेवतं, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रोग्राम साहित्यातच मोडतो. फरक केवढा आहे बघा. तुम्ही प्रोग्राम लिहिला तर तो उतरवून घ्यायची मला मनाई, आणि ती योग्यच आहे. पण मी माझ्या ओसरीवर बसून, तुमची एक ओळही न पाहता, तेच काम करणारा दुसरा लिहिला तर कॉपीराइट मला हात लावत नाही. पेटंट लावतं. स्वयंपाकाचं पुस्तक छापू नको, इथपर्यंत कॉपीराइट. त्या रीतीने वरणच शिजवू नको, हे पेटंट. आणि ते वीस वर्षं. तेवढ्या काळात माझी पोरगी माझ्या वयाची होईल.

हा वाद आपल्याकडे आधी होऊन गेला आहे, आणि संसदेत झाला आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने अध्यादेश काढून ३(के) सैल केलं होतं : उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरची जोड असेल तर प्रोग्रामला पेटंट. २००५ मध्ये कायदा मंजूर होताना ती सवलत गळाली आणि जुनेच शब्द कायम राहिले. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. पुढे आपलं पेटंट कार्यालय मात्र हेलकावत राहिलं. ऑगस्ट २०१५ मध्ये सूचना काढल्या, डिसेंबरमध्ये थांबवल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवीन हार्डवेअर हवंच म्हणून सांगितलं, २०१७ मध्ये ती अट काढली. जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुधारित सूचना आल्या. सूचना बदलतात, पण कलमातले शब्द तेच आहेत.

पण मी एकच बाजू धरून बसले आहे असं समजू नका. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रोग्राम आहे म्हणून अर्ज डोळे मिटून फेकायचा नाही, त्यातून तांत्रिक परिणाम काय होतो ते पाहायचं. हे मला पटतं. आणि ही रेघ कुठे ओढायची ते अमेरिकेतल्या दोन जुन्या खटल्यांतून चांगलं समजतं.

१९७८ चा फ्लूकचा खटला. तेलशुद्धीकरणासारख्या रासायनिक प्रक्रियेत तापमान-दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की धोक्याची घंटा वाजते. फ्लूकने ती मर्यादा सतत नव्याने मोजायचं सूत्र काढलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यात नवं आहे ते फक्त सूत्र, पेटंट नाही. १९८१ चा डीरचा खटला. साच्यात रबर शिजतं. आतलं तापमान सारखं मोजायचं, अऱ्हेनियसच्या जुन्या समीकरणाने संगणकाने वेळ काढायची आणि रबर तयार होताच प्रेस उघडायचा. इथे पेटंट मान्य झालं. समीकरण दोन्हीकडे आहे. पण एकीकडे आकडा निघतो, दुसरीकडे आकड्याच्या जोरावर रबर नीट शिजून बाहेर येतं.

तुमची बोंडअळीची प्रणाली फ्लूकच्या घंटेची सख्खी बहीण आहे. पातळी ओलांडली, घंटा वाजली. निव्वळ विश्लेषणाच्या बाबतीत तर तिकडचं अपील न्यायालय आणखी स्पष्ट बोललं आहे. २०१६ मध्ये विजेच्या जाळ्यावरच्या खटल्यात त्याने सांगितलं की माहिती गोळा करणं, तपासणं आणि निकाल दाखवणं ही अमूर्त कल्पना झाली. २०१८ मध्ये सॅप विरुद्ध इन्व्हेस्टपिकमध्ये गुंतवणुकीच्या आकड्यांचं संख्याशास्त्रीय विश्लेषण होतं. न्यायालय म्हणालं, पद्धत कितीही नवी आणि हुशारीची असो, गणितातली नवलाई पेटंटाला पुरत नाही. आणि हे अशा देशात, जिथल्या कायद्यात आपल्या ३(के) सारखं कलमच नाही.

मग तुम्ही पेटंट कशावर मागावं? आमच्याकडचंच उदाहरण घ्या. खरेदी केंद्रावर कापसात ८ ते १२ टक्के ओल चालते. जिनिंगमध्ये कापूस फार कोरडा आला तर धागा तुटतो, ओला आला तर रुई अडकते. कोणी असा सेन्सर आणि प्रोग्राम केला की पट्ट्यावरून कापूस सरकत असतानाच ओल मोजून वाफेचा झोत आपोआप कमी-जास्त होईल आणि धागा वाचेल, तर मागा पेटंट. मी टाळ्या वाजवीन. किंवा तोच सापळा घ्या. आत पतंग शिरला की स्वतःच मोजणारा, पावसाचा थेंब आणि पतंग यातला फरक ओळखणारा, एका बॅटरीवर हंगामभर चालणारा, आणि मुंग्यांनी नेण्याआधी मोजणारा. तो कोणी केला तर माझ्या वहीतल्या लाल रेघा संपतील. त्या सापळ्यातला प्रोग्राम म्हणजे निव्वळ प्रोग्राम नव्हे, हे कोणीही मान्य करेल. पण त्याला दोन हंगाम चिखलात जावं लागेल, आणि तुमचं सत्र मे महिन्यात संपतं.

“काकू, पेटंट मिळालं तरी आम्ही तुमच्यावर केस थोडीच करणार?” असं तो पोरगा म्हणाला. मी त्याला फोन केला होता; त्याला वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं. करणार नाहीस रे बाबा. पण पेटंट विकता येतं. तू नोकरीला पुण्याला जाशील, कॉलेजला पैशाची गरज पडेल, आणि तो कागद एखाद्या अशा कंपनीकडे जाईल जिने कापसाचं झाड कॅलेंडरवर पाहिलं असेल.

नरेंद्र करमरकरांचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. १९८४ मध्ये त्यांनी रेषीय प्रोग्रामिंगची, म्हणजे मर्यादित साधनांची सगळ्यात फायद्याची वाटणी काढायच्या गणिताची, अशी रीत काढली की मोठमोठे हिशेब झपाट्याने सुटू लागले. ते तेव्हा बेल लॅबमध्ये होते, आणि एटी अँड टीने १९८८ मध्ये त्या रीतीवर अमेरिकेत पेटंट मिळवलं. गणित असं कोणाच्या मालकीचं करता येतं का, यावर तेव्हा जगभर बोलणं झालं. आजच्या आपल्या कायद्यात ते ‘गणिती पद्धत’ या दोन शब्दांपाशीच थांबलं असतं. करमरकरांचा मला अभिमान आहे, त्या पेटंटचा नाही.

याच्या उलट गोष्ट पांडुरंग सुखात्म्यांची. सातारा जिल्ह्यातला संख्याशास्त्रज्ञ, दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होता. विनायक पानसे आणि त्यांनी पीक कापणी प्रयोगांची यादृच्छिक नमुन्याची पद्धत देशभर रुजवली. आजही तलाठी, कृषी सहायक आणि विम्याचा माणूस आमच्या धुऱ्यावर उभे राहतात ते त्याच रीतीने. याच कामात सुखात्म्यांचा आणि कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकडे कापायचे, सुखात्मे म्हणायचे की तुकडा लहान घेतला की काठावरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. दोघांची रीत उघडी होती, म्हणून एकाला दुसऱ्याची चूक मोजून दाखवता आली. दोघांपैकी कोणी वीस वर्षांचं कुलूप लावलं असतं तर चूक तशीच राहिली असती आणि तिच्यावर धान्याचे आकडे निघत गेले असते.

हे मला आज जास्त खुपतं, कारण आता धुऱ्यावर माणूस येण्याऐवजी आकडा वरून येऊ लागला आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ पासून भात आणि गव्हाच्या, २०२४ पासून सोयाबीनच्या उत्पन्नात उपग्रह आणि मॉडेलवरून काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन आहे. म्हणजे आमच्या सोयाबीनच्या विम्यातले रुपयातले निदान तीस पैसे कोणाच्या तरी विश्लेषणावर ठरतात. पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, निघते तेव्हा गावात भांडण तरी करता येतं. सप्टेंबरची नजरअंदाज, ऑक्टोबरची सुधारित, डिसेंबरची अंतिम, प्रत्येक वेळी माणसं तहसीलवर जातात, “साहेब, आमच्या शिवारात पन्नास पैसे कुठून दिसले तुमाले?” म्हणून विचारतात. मॉडेलला हे विचारायचं तर आधी ते कसं चालतं ते पाहता आलं पाहिजे, आणि दुसऱ्याने तेच चालवून ताडून पाहता आलं पाहिजे. पेटंटाच्या कागदात रीत जाहीर करावी लागते, ही त्याची चांगली बाजू, मला माहीत आहे. पण जाहीर केलेली रीत दुसऱ्याने चालवायची नाही, आणि तुमच्या अर्जासारखं पाच चौकोनांत जाहीर केलं असेल तर चालवताही येत नाही.

आता काय करायचं ते. कलम २५(१) प्रमाणे अर्ज प्रकाशित झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतं. कोणीही, म्हणजे बचत गटसुद्धा. फॉर्म ७ए. २०२४ च्या नियमांपासून त्याला शुल्क लागतं, ते आम्ही गटाच्या खात्यातून भरू. आमच्याकडे तीन आधार आहेत. कलम ३ प्रमाणे हा शोधच नाही. आमच्याकडची माहिती घेऊन आम्हाला न विचारता अर्ज केला. आणि तुमच्या तारखेच्या आधीपासून ही रीत भारतात सर्वांना माहीत होती, वापरात होती. याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा फळा. दर पंधरा ऑगस्टला त्याच्यासमोर झेंडावंदनाचा फोटो निघतो, आणि २०१८ पासूनच्या प्रत्येक फोटोत सरपंचाच्या खांद्यामागे आमचे आकडे दिसतात. सरपंच बदलले, आकडे आहेत.

पण ते करायची मला हौस नाही. मुंबईच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्यात माझी वेचणी जाईल. त्यापेक्षा तुम्ही फॉर्म २९ भरा. अर्ज मागे घ्यायचा फॉर्म आहे, त्याला फी नाही. आणि तो कोड कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली इंटरनेटवर टाका. आर ही भाषा न्यूझीलंडमधल्या दोन प्राध्यापकांनी अशीच सगळ्यांसाठी मोकळी सोडली, तुम्ही तिच्यावरच तर मॉडेल चालवलं आहे. नॅकला दाखवायला तो कोड कोणत्या गावांत चालतो त्याची यादी द्या. आमच्या गावाचं नाव पहिलं लिहा, आम्ही चालवू. शोधकांच्या नावांचं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण आकडे कोणी मोजले ते लिहा.

आणि ज्यांना पुढे खरोखर पेटंटचं काम करायचं आहे त्या पोरांसाठी : बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या नागपुरातच आहे, आणि पेटंटांची माहिती देणारं कार्यालय तर तिथे १९७५ पासून आहे. पेटंट एजंटाकडे जाण्याआधी एक दिवस तिथे घालवा. नागपूरची गाडी सगळ्या तालुक्यांतून सुटते.

या हंगामाचे सापळे पेरणीनंतर दीड महिन्याने लागतील, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ज्यांना यायचं त्यांनी आदल्या रात्री मुक्कामालाच या, कारण सकाळची पहिली एसटी पोचते तेव्हा आमचं मोजून झालेलं असतं. बूट आणू नका, चिखलात रुततात. आणि तो पोरगा हे वाचत असेल तर त्याने जुनी फाइल सोबत आणावी. माझ्याकडे मूळ वही आहे. आठ वर्षांत किती रेघा आहेत ते आधी दोघं मिळून मोजू, मग शून्य कुठे आणि रेघ कुठे ते बसून दुरुस्त करू. पोहे आहेतच.

तुमची,
सापळ्याची वही लिहिणारी
राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ